अहमदनगरचा समुद्र

अहमदनगर जिल्ह्याला समुद्र नाही, हे चौथीतला विद्यार्थीही सांगेल. सह्याद्रीच्या पूर्वेला पर्जन्यछायेत पसरलेला हा जिल्हा. पश्चिमेला त्याची कड अकोले तालुक्यात कळसूबाईच्या रांगेवर संपते आणि समुद्र तिथूनही लांबच राहतो. उन्हाळ्यात आपल्याकडे चर्चा असते ती टँकरची, धरणातल्या पाणीसाठ्याची आणि उसाच्या पाळीची. भरती-ओहोटी हे आपल्या मुलांसाठी भूगोलाच्या पुस्तकातले शब्द आहेत.

मात्र ज्या राज्याची ही राजधानी होती, त्या निजामशाहीला समुद्र होता. मलिक अहमदने १४९० मध्ये बहमनी सत्तेपासून वेगळे होऊन आपले राज्य उभे केले, १४९४ मध्ये अहमदनगर वसवले आणि १६३६ मध्ये हे राज्य संपले. मधल्या सुमारे दीडशे वर्षांत चौलचे बंदर, दंडा राजपुरीची खाडी आणि जंजिऱ्याचे बेट ही नावे नगरच्या दरबारात रोजची होती. आपल्या पाठ्यपुस्तकांत निजामशाही येते ती चांदबीबीच्या तटबंदीपुरती आणि मलिक अंबरच्या गनिमी काव्यापुरती. दोन्ही गोष्टी जमिनीवरच्या. समुद्राचे पान कुठे गळाले, कुणी विचारत नाही.

(२०२४ पासून शहराचे आणि जिल्ह्याचे अधिकृत नाव अहिल्यानगर आहे. अहिल्याबाई होळकरांचा जन्म याच जिल्ह्यातल्या चौंडीचा. या लेखात बोलायचे आहे ते जुन्या काळाबद्दल, म्हणून त्या काळचे नाव वापरले आहे.)

हे गळालेले पान शोधण्याचे कारण केवळ कुतूहलाचे नाही. हिंदुस्थानात मुसलमान कुठून आले, या प्रश्नाला आमच्या वर्गातली मुले एका सुरात उत्तर देतात: खैबर खिंडीतून, घोड्यावर बसून, हातात तलवार घेऊन. बाहेरची माणसे त्यांना हेच ऐकवतात आणि तीही तेच पाठ करतात. काही मुले ते अभिमानाने सांगतात, काही मान खाली घालून. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर या उत्तरातून अर्ध्याहून अधिक इतिहास सुटतो.

म्हणून गेल्या हिवाळ्यात आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळांतील सहा शिक्षकांनी एक दिवसाची सफर ठरवली. शनिवारी इशाच्या नमाजनंतर भाड्याच्या गाडीने नगर सोडले. पुणे, बोरघाट, पेण करत फजरला अलिबाग गाठले. दिवसभरात चौल, रेवदंडा, कोर्लई, मुरूड आणि जंजिरा पाहायचा आणि रात्री परत फिरायचे. सोबत जेवणाचे डबे, दोन नकाशे आणि पंधरा दिवस वाचून काढलेली टिपणे होती. अलिबागहून मुरूडपर्यंतचा रस्ता जेमतेम पन्नास किलोमीटर. एका बाजूला नारळी-पोफळीच्या वाड्या आणि दुसऱ्या बाजूला अधूनमधून उघडणारा समुद्र. पर्यटक तो डोळ्यांना सुख म्हणून पाहतात, आणि ते सुख आम्हीही घेतले. पण या पन्नास किलोमीटरांत हजार वर्षांचा हिशेब आहे.

सैमूरचे दहा हजार

चौल आज अलिबागच्या दक्षिणेला, वाड्यांमध्ये लपलेले शांत गाव आहे. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत त्याला चेमुल म्हटले आहे, ग्रीक भूगोलवेत्ता टॉलेमी त्याला सिमिल्ला म्हणतो आणि अरब लेखक सैमूर. म्हणजे इस्लामच्या आधीपासून हे बंदर जगाला ठाऊक होते.

बगदादचा इतिहासकार अल-मसूदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इसवी सन ९१६ च्या सुमारास, इथे आला होता. त्याने लिहून ठेवलेली माहिती प्रत्येक मराठी मुसलमानाने एकदा तरी वाचावी अशी आहे. त्याच्या म्हणण्यानुसार त्या वेळी सैमूरमध्ये सुमारे दहा हजार मुसलमान राहत होते. त्यात सिराफ, ओमान, बसरा आणि बगदादहून आलेले व्यापारी होते. आणि त्यांच्याबरोबर ‘बयासिरा’ होते. बयासिरा म्हणजे इथेच, याच मातीत जन्मलेले मुसलमान. गावावर राज्य होते शिलाहार राजा झंझ याचे आणि त्याच्यावर सार्वभौम होते राष्ट्रकूट, ज्यांना अरब ‘बल्हरा’ म्हणत. मुसलमानांच्या आपसातल्या कज्ज्यांचा निवाडा करायला राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला होता. त्या पदाला ‘हुनरमन’ म्हणत.

इथे थोडे थांबले पाहिजे. अलाउद्दीन खलजी देवगिरीवर चालून आला १२९६ मध्ये. त्याच्या पावणेचारशे वर्षे आधी कोकणच्या किनाऱ्यावर एक हिंदू राजा आपल्या मुसलमान रयतेसाठी त्यांच्यातलाच न्यायाधीश नेमत होता, आणि त्या रयतेत इथल्याच आयांच्या पोटी जन्मलेली माणसे होती. मसूदी स्वतः मुसलमान असल्याने त्याने संख्या फुगवली असेल असे कुणी म्हणू शकेल. दहा हजारांऐवजी निम्मे धरले, तरी गोष्टीचा अर्थ बदलत नाही. ही माणसे कुणाला जिंकायला आली नव्हती. ती मोसमी वाऱ्याबरोबर आली, माल विकला, घर केले आणि इथली झाली. रायगड-रत्नागिरीच्या कोकणी मुसलमानांच्या बोलीत, त्यांच्या तांदळाच्या भाकरीत आणि मासळीच्या कालवणात तो इतिहास अजून जिवंत आहे.

याचा अर्थ सगळे गोडच होते असा नाही. रशियाच्या त्वेर शहरातला व्यापारी अफनासी निकितिन १४६९ च्या सुमारास, बहमनी काळात, एक घोडा घेऊन चौलला उतरला. पालीमार्गे घाट चढून तो जुन्नरला पोहोचला. जुन्नरचा सुभेदार असद खान याने त्याचा घोडा हिसकावून घेतला आणि धर्म बदललास तरच परत मिळेल असे सुनावले. खुरासानच्या एका मुसलमान सरदाराने मध्यस्थी केली, तेव्हा निकितिनचा घोडाही वाचला आणि धर्मही. जुलूम करणारा आणि त्यातून सोडवणारा, दोघेही एकाच कलम्याचे. निकितिनने दोघांचीही नोंद ठेवली आहे, आपणही ठेवली पाहिजे. रेवदंड्याच्या एका शाळेच्या आवारात आज या निकितिनचे स्मारक आहे.

दोन चौल

निकितिन ज्या वाटेने गेला, तीच पुढे निजामशाहीची नाडी ठरली. मलिक अहमदचे पहिले ठाणे जुन्नर होते. घाटमाथ्यावर बसून त्याने खाली कोकणात हात घातला आणि दंडा राजपुरीही मिळवली, ते उगीच नव्हे. दख्खनच्या पठारावर चांगला लढाऊ घोडा पैदा होत नसे. तो अरबस्तान आणि इराणहून जहाजाने यावा लागे. ज्याच्या हाती बंदर, त्याच्या हाती घोडदळ. चौलमधून सुती आणि रेशमी कापड बाहेर जाई आणि घोडे आत येत.

पोर्तुगीज आले तेव्हा गोष्टी बदलल्या. मार्च १५०८ मध्ये चौलच्या खाडीत एक मोठी लढाई झाली. इजिप्तच्या मम्लुक सुलतानाने पाठवलेला सेनापती अमीर हुसेन आणि गुजरातच्या सुलतानाचा दीवचा सुभेदार मलिक अयाज यांनी मिळून पोर्तुगीज आरमाराला हरवले. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेंसो द आल्मेदा या लढाईत ठार झाला. हिंदी महासागरात पोर्तुगीजांचा हा पहिला मोठा पराभव आणि तो झाला निजामशाहीच्या दारात. पण पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १५०९ मध्ये, व्हाइसरॉयने दीवला त्याचा सूड घेतला आणि परतताना चौलकडून खंडणी कबूल करून घेतली.

त्यानंतर बुऱ्हाण निजामशहाने व्यवहारी मार्ग धरला. १५१६ मध्ये पोर्तुगीजांना वखारीची आणि १५२१ मध्ये किल्ला बांधण्याची परवानगी मिळाली. बदल्यात निजामशहाला हवे होते घोडे. हा किल्ला म्हणजेच आजचे रेवदंडा. तेव्हापासून दोन चौल झाले. वरचे चौल निजामशाहीचे: मशिदी, हमामखाना, विणकरांचे माग आणि व्यापाऱ्यांच्या पेढ्या. खालचे चौल पोर्तुगीजांचे: तटबंदी, चर्च, तोफा. दोहोंमध्ये अंतर चालत जाण्याइतके. माणसे रोज इकडून तिकडे जात, माल बदलत, पैसा मोजत.

आम्ही हे अंतर पायीच कापले. चौलचा हमामखाना अजून उभा आहे. छताच्या घुमटांतून उजेड आत येतो आणि भिंतींवर झाडांची मुळे उतरली आहेत. रेवदंड्याच्या तटात शिरले की माडांच्या बागांमधून पोर्तुगीज चर्चचा उंच मनोरा दिसतो. लोक त्याला सातखणी म्हणतात, मात्र त्याचे सगळे मजले आता शाबूत नाहीत. तटाबाहेर समुद्राचे पाणी थेट दगडाला लागते. आमच्यातल्या भूगोलाच्या सरांनी विचारले, एवढेसे बंदर, यासाठी एवढी रक्ते का सांडली? त्याचे उत्तर खाडीपलीकडे, कोर्लईच्या टेकडीवर आहे.

कोर्लईची टेकडी

१५६५ च्या तालिकोटच्या लढाईनंतर दख्खनच्या सुलतानांना वाटू लागले की आता पोर्तुगीजांनाही हटवता येईल. १५७० मध्ये मोठा मनसुबा रचला गेला. विजापूरच्या अली आदिलशहाने गोव्यावर जायचे, अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाने चौलवर, आणि कालिकतच्या सामुरीने दक्षिणेत आघाडी उघडायची. सामुरी हिंदू, दोन्ही शहा मुसलमान, शत्रू एक. मुर्तझाने महिनोन्‌महिने रेवदंड्याला वेढा घातला. फौज अफाट होती, तोफा होत्या, पण समुद्र उघडा होता. गोव्याहून जहाजे येत राहिली आणि किल्ल्यात दाणागोटा व माणसे पोहोचत राहिली. इतिहासकार फरिश्ता तर असेही सांगतो की निजामशाही सरदारांनाच पोर्तुगीजांनी दारूच्या नजराण्यांनी वश केले होते. १५७१ मध्ये तह करून मुर्तझाला मागे फिरावे लागले.

वीस-बावीस वर्षांनी दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाने वेगळी युक्ती केली. रेवदंड्यासमोर, खाडीच्या दक्षिण तोंडाशी, समुद्रात घुसलेली कोर्लईची उंच टेकडी आहे. तिथून तोफ डागली तर रेवदंड्याला येणारे प्रत्येक जहाज टप्प्यात येते. बुऱ्हाणने तिथे किल्ला बांधायला घेतला आणि मोठी फौज ठेवली. सप्टेंबर १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी हल्ला चढवला. किल्ला पडला, हजारो माणसे मारली गेली आणि सेनापती फरहाद खान कैद झाला.

आम्ही टेकडी चढलो. पायथ्याशी दीपगृह आहे, वर लांब, अरुंद किल्ला. तीन बाजूंना पाणी, समोर रेवदंड्याचा तट हाताच्या अंतरावर वाटावा असा. इथे उभे राहिले की शिक्षकाच्या मनात तारखा आपोआप जुळतात. सप्टेंबर १५९४ मध्ये कोर्लई गेली. १५९५ मध्ये दुसरा बुऱ्हाण वारला आणि गादीसाठी भांडणे सुरू झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात शहजादा मुरादची मुघल फौज अहमदनगरच्या वेशीवर आली. चांदबीबीने किल्ला लढवला, सुरुंगाने पडलेली भिंत रातोरात उभारली, ही कथा आपल्या प्रत्येक मुलाला येते. पण तिच्या हाती आलेले राज्य सव्वा वर्षापूर्वीच समुद्राच्या काठावर आपली एक मोठी फौज गमावून बसले होते, हे कुणी सांगत नाही. चांदबीबीच्या शौर्याची खरी किंमत कोर्लई पाहिल्यावर कळते.

समुद्र हातचा गेल्याचा आणखी एक अर्थ होता आणि तो थेट दिनाशी जोडलेला होता. हजला जाणाऱ्या जहाजांना पोर्तुगीजांचा परवाना, म्हणजे ‘कार्ताझ’, घ्यावा लागे. नाहीतर जहाज लुटले जाई. त्या परवान्यावर ईसा आणि मरियम यांची चित्रे असत. अकबराच्या दरबारातल्या मखदूम-उल-मुल्क या बड्या आलिमाने या कारणास्तव समुद्रमार्गे हजची सक्तीच उरत नाही असा फतवा दिल्याचे बदायूनी नोंदवतो. म्हणजे बंदराचा प्रश्न फक्त घोड्यांचा आणि जकातीचा नव्हता. आपल्या काबाची वाट दुसऱ्याच्या शिक्क्यावर चालत होती.

पोर्तुगीजही शेवटी गेले. १७४० मध्ये रेवदंडा आणि कोर्लई मराठ्यांकडे आली. मात्र कोर्लई गावातले ख्रिस्ती आजही पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली आपली वेगळी बोली बोलतात. तिला ते ‘नौ लिंग’, म्हणजे आमची भाषा, म्हणतात. आमच्यातल्या एका बाजींनी तिथेच वर्गासाठी एक खेळ सुचवला. फळ्यावर दोन रकाने करायचे. एकात बंदर, जहाज, खलाशी, नाखवा हे अरबी-फारसीतून आलेले मराठी शब्द. दुसऱ्यात पाव, पगार, चावी, बटाटा, काजू हे पोर्तुगीजांकडून आलेले. मग मुलांना सांगायचे, यातले ‘परके’ शब्द न वापरता दिवस काढून दाखवा. कुणाला साधणार नाही.

समुद्राने नगरला काय दिले

दुपारचे डबे काशिदच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली उघडले. पांढरी वाळू, उंटाच्या आणि घोड्याच्या फेऱ्या, नारळपाणी. तिथे बसून आम्ही उलट हिशेब मांडला. हा समुद्र नसता तर आपल्या नगरचे काय झाले असते?

शाह ताहिर आले नसते. इराणातून जीव वाचवून निघालेले हे विद्वान १५२० मध्ये जहाजाने गोव्याला उतरले आणि पुढे बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी आले. त्यांच्यामुळे १५३७ मध्ये निजामशाहीने शिया पंथ स्वीकारला. ‘मलिक-ए-मैदान’ ही तोफ ओतली गेली नसती. आज ती विजापूरच्या बुरुजावर दिसते, पण ती घडली १५४९ मध्ये अहमदनगरात, मुहंमद बिन हसन रूमी याच्या हातून. ‘रूमी’ म्हणजे उस्मानी तुर्कांच्या मुलखातला. कापूरवाडीसारख्या ठिकाणांहून शहरात पाणी आणणारे खापरी नळ आपण जाणतो. त्यांचे नाते इराणच्या कनातींशी आहे.

गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता बुऱ्हाण निजामशहावर उपचार करायला नगरला येत असे. त्याचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यात तो सांगतो की निजामशहाने त्याला रोगांची आणि औषधांची अरबी नावे शिकवली आणि त्याने निजामशहाला लॅटिन. एकीकडे रेवदंड्याच्या तटावर पोर्तुगीज तोफा, दुसरीकडे नगरच्या महालात एक पोर्तुगीज आणि एक सुलतान एकमेकांचे शब्द घोकत बसलेले. भाषा शिकवणाऱ्या माणसाला याहून सुंदर चित्र दुसरे कोणते हवे?

आणि मलिक अंबर? तोही समुद्रापलीकडूनच आला. पण कसा आला, हेही सांगितले पाहिजे. हबशाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात, जन्मलेला हा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला. मोखा आणि बगदादच्या बाजारांतून फिरत तो दख्खनला आला आणि मुर्तझा निजामशहाचा पेशवा चंगेज खान याने त्याला विकत घेतले. पुढे त्याने राज्य सावरले, जमिनीची महसूल पद्धत बसवली, मुघलांना जेरीस आणले. १६२६ मध्ये तो वारला तेव्हा विरोधकांनाही त्याचे मोठेपण मान्य करावे लागले. आपण त्याच्या पराक्रमाचे पोवाडे गातो, पण ज्या जहाजांनी घोडे आणले त्याच जहाजांनी माणसेही विकायला आणली. विकणारे मुसलमान होते, विकत घेणारेही मुसलमान होते. गुलाम वजीर होऊ शकत होता, ही दख्खनच्या समाजाची मोठी गोष्ट खरी. त्याने मोख्याच्या बाजारातली साखळी हलकी होत नाही. एका अंबरचे नाव राहिले. बाकीच्यांची राहिली नाहीत. अभिमान बाळगायचा तर पूर्ण हिशेबासह.

जंजिरा आणि खांदेरी

‘जंजिरा’ हा शब्द अरबी ‘जज़ीरा’ म्हणजे बेट यावरून आला. मुरूडजवळच्या राजापुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीने तिथे जावे लागते. परंपरा सांगते की इथे आधी कोळ्यांनी लाकडी ओंडक्यांचे संरक्षक कुंपण, म्हणजे मेढेकोट, उभारला होता. निजामशाहीच्या काळात तो सरकारी अंमलाखाली आला आणि सोळाव्या शतकात दगडी किल्ला झाला. होडी अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही. आत गोड्या पाण्याचे दोन तलाव, ढासळलेले वाडे आणि ‘कलाल बांगडी’सारख्या प्रचंड तोफा आहेत. चारी बाजूंनी खारे पाणी आणि मध्ये गोडे, हे पाहून कुणाच्याही तोंडून सुभानअल्लाह निघावे.

निजामशाही १६३६ मध्ये बुडाली, पण तिचे हे बेट बुडाले नाही. हबशी सिद्दी आधी विजापूरच्या आणि पुढे मुघलांच्या चाकरीत राहून ते राखत आले. छत्रपती शिवाजी महाराजांनी शेजारी पद्मदुर्ग बांधला, संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये जोरदार मोर्चा लावला, तरी जंजिरा पडला नाही. अखेर १९४८ मध्ये हे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले.

जंजिऱ्याचे नाव काढले की आजकाल त्याला लगेच हिंदू-मुसलमान असा रंग चढतो. समुद्रावरचा पुरावा वेगळेच सांगतो. अलिबागजवळ समुद्रात खांदेरीचे बेट आहे. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे किल्ला बांधायला घेतला तेव्हा इंग्रज आणि सिद्दी दोघेही विरोधात उतरले. त्यांच्याशी लढणाऱ्या मराठी आरमाराचे प्रमुख होते दौलतखान आणि मायनाक भंडारी. म्हणजे एका बाजूला सिद्दी मुसलमान, त्याचा मित्र ख्रिस्ती इंग्रज. दुसऱ्या बाजूला दौलतखान मुसलमान, त्याचा सहकारी हिंदू भंडारी. ज्याचे मीठ खाल्ले त्याच्यासाठी प्रत्येक जण लढत होता. आमच्या वर्गातल्या मुलाने सिद्दीचे वकीलपत्र घ्यायचे की दौलतखानाचे? माझ्या मते कुणाचेच नाही. त्याने दोघांनाही ओळखावे, एवढे पुरे.

मुरूडचा आणखी एक धागा आम्हा उर्दूवाल्यांसाठी मोलाचा आहे. जंजिऱ्याच्या नवाबांच्या बेगम नाझली रफिया या अतिया फैजींच्या भगिनी. नाझली बेगमांनी आपल्या युरोप प्रवासाचे वर्णन उर्दूत लिहिले. अतिया फैजींशी मौलाना शिबली नोमानी आणि इक्बाल यांचा पत्रव्यवहार होता, आणि शिबलींचे पाय या किनाऱ्यालाही लागले आहेत. नगरच्या किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात मौलाना आझादांनी ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रे लिहिली, हे आपण नेहमी सांगतो. उर्दूचा एक दिवा त्याआधी या लाटांशेजारीही जळत होता, हेही सांगायला हवे.

शाळेत काय सांगायचे

परतीच्या प्रवासात गाडीत वाद झाला आणि तो उपयोगी होता. एक सर म्हणाले, या सगळ्या पराभवांच्या गोष्टी मुलांना सांगून काय मिळणार? वेढा फसला, टेकडी गेली, हजचा परवाना दुसऱ्याच्या हाती गेला. मुले आधीच खचलेली आहेत. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. आपली मुले रोज कुठे ना कुठे ऐकतात की तुम्ही बाहेरचे. त्यांना बळ देणारे काही सांगावे असे कोणत्याही शिक्षकाला वाटणारच.

पण बळ कशातून येते? केवळ विजयाच्या कथा ऐकलेला मुलगा पहिल्याच अवघड प्रश्नाला गोंधळतो. त्याउलट, ज्याला मसूदीचे बयासिरा ठाऊक आहेत, तो ‘तू बाहेरचा’ या वाक्याला शांतपणे हजार वर्षांपूर्वीचा दाखला देऊ शकतो. ज्याला असद खानाचा जुलूम आणि मोख्याचा बाजार ठाऊक आहे, तो दुसऱ्याच्या इतिहासातला जुलूमही न चिडता ऐकू शकतो. ज्याला खांदेरीची लढाई ठाऊक आहे, त्याला कुणी सहजासहजी भडकवू शकत नाही.

यासाठी मोठा खर्च लागत नाही. महाराष्ट्राच्या नकाशावर नगरपासून जुन्नर, पाली आणि चौलपर्यंत एक रेघ मुलांकडून काढून घ्यावी. निजामशाहीच्या धड्याला चांदबीबीबरोबर कोर्लईचे नाव जोडावे. आठवी-नववीच्या सहलीसाठी आपण बहुधा धबधबे आणि उद्याने निवडतो. एखाद्या वर्षी ही सफर निवडावी, मुक्कामासह, म्हणजे मुलांची दमछाक होणार नाही. मराठी आणि उर्दू माध्यमांच्या दोन शाळांनी मिळून ती काढली तर अधिकच चांगले. दौलतखान आणि मायनाक भंडारी एका आरमारात होते, तर मुले एका बसमध्ये बसायला काय हरकत आहे?

नगरला समुद्र नाही, हे भूगोलाचे उत्तर बरोबरच आहे आणि परीक्षेत तेच लिहावे. पण शिक्षकाने त्याच तासाला पुढचे वाक्य जोडावे: समुद्र होता, त्याने आपल्याला माणसे दिली, शब्द दिले, तोफा आणि औषधांची नावे दिली, तो आपण का आणि कसा गमावला, ते आता पाहू.